गुरुवारी फोन करणारा डेल

नॉर्थ डकोटा, शनिवार

बाबा,

गुरुवारी तुमच्या रेडिओ कार्यक्रमात फोन करणारा डेल म्हणजे मीच.

इथे तेलविहिरीवर मी रोज सकाळी मोबाइलवर तुमचा कार्यक्रम लावतो. माझ्याच खोलीत राहणारा बेकेट म्हणतो, "त्या केंटकीच्या म्हाताऱ्याशी लग्नच कर एकदाचं!" तुम्ही माझे कोण, ते मी त्याला सांगितलेलं नाही.

त्या दिवशी तुम्ही म्हणत होता, नशेच्या गोळ्या विकणाऱ्यांची शिक्षा कमी करायचा कायदा होता कामा नये, आमदारांनी दुसऱ्यांच्या पोरांच्या जिवावर दयाळू होऊ नये. मला राहवलं नाही. फोन लावला, नाव डेल सांगितलं आणि आवाज बदलून विचारलं, "आणि तुमचाच मुलगा विकत असता तर?"

"विकत होता ना. मीच शेरीफच्या पोलिसांना बोलावलं, डेल."

"मग पस्तावलात?"



"बोलावलं त्याचा पस्तावा नाही. पण पोरगं नुकतंच घरात शिरलं होतं. आधी त्याला जेवू घालायला हवं होतं."

मी फोन ठेवून दिला. तुरुंगात दोन वर्षं मी तुम्हाला शिव्याच घातल्या होत्या.

बाबा, मला भूक नव्हती. खिशात चाळीस गोळ्या होत्या आणि त्या शेजारच्या लॉरेलला द्यायच्या होत्या. तुम्ही जेवायला वाढत बसला असतात, तर मी मागच्या दारानं निसटलो असतो आणि ती आज जिवंत नसती.

हे पत्र टपालात टाकायचा धीर होत नाही. सोमवारी पुन्हा फोन करीन. नाव विचारलंत, तर खरं सांगेन.

तुमचा,
कोल्बी