नसांची तपासणी

तेर, जि. धाराशिव
१८ फेब्रुवारी २०२५

श्री. रणधीरराव यांस,

रामहरीचा नमस्कार. इकडं हरभरा काढून झाला. सोनारीला वहिनी, लेकरं बरी असतील. फोन तुम्ही उचलत नाही, त्यात तुमची चूक न्हाय. म्हणून कागद लिहितोय.

शुक्रवारी तुमच्या बहिणीला, गजराला, सोलापूरला नेलं. तुम्ही दसऱ्याला हेच सांगायला आला होता आणि मी तुम्हाला दारातून परतवून लावलं. आता पापणी बोटानं उचलून धरावी लागते, पाणी प्यायलं की नाकातून येतं. तेव्हा नेलं.

तपासणी नसांची होती. मनगटाला, गालाला वायरी चिकटवल्या आणि बारीक शॉक देत राहिले. दर शॉकला तिचा अंगठा उडायचा. पडद्यावर रेघ उठायची. पहिली उंच, दुसरी कमी, तिसरी आणखी कमी. मी तिच्या चपला हातात धरून उभा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कधीपासून थकतात ह्या?"

"दोन वर्षं झाली," मी म्हणालो.

"मग आणलं का नाही?"

गजराच नाकातल्या आवाजात म्हणाली, "शेताची कामं होती, मॅडम."

बाई म्हणाल्या, शरीरच स्वतःवर उलटलंय, नसेचा निरोप स्नायूला पोचत नाही. बसलं की बरं वाटतं, काम केलं की ताकद संपते. लोकांना वाटतं, सोंग करतायत. 'लोकांना' म्हणाल्या त्या.

रणधीरराव, तुम्हाला कुणी सांगितलं नसंल. दिवाळीत पाव्हण्यांच्या पंगतीत तिचा जबडा मधेच थांबला. हनुवटीला हात लावून ती घास चावत होती. म्या सगळ्यांसमोर तिचं ताट ओढलं. म्हणालो, आता जेवायचीबी नाटकं. तेव्हापासून ती आतल्या खोलीत एकटी जेवते. आजबी तिथंच जेवली.

गोळी घेतली की तीनेक तास डोळे उघडे राहतात. श्वासावर आलं तर तसंच उचलून आणा म्हणाल्यात. मी तिच्या छातीकडं बघत बसतो. दुसरं काय करावं, सुचत न्हाय.

काल तिनं विचारलं, "दादा येऊन गेला का?" मी नाही म्हणालो. का, ते तिनं विचारलं न्हाय.

तुम्ही या. मी समोर नको असलो तर शेतात जाऊन बसेन. पण सकाळी या. दुपारनंतर तिचा आवाज राहत न्हाय.

दाजी म्हणा, न म्हणा,
रामहरी