ताणमुक्तीचं गाऱ्हाणं

तारकर्ली,
बुधवार, जेवणानंतर

ती. सत्यवतीमावशीस, जितूचा इथूनच पाया पडून नमस्कार.

पत्राला तीन आठवडे उशीर झाला, हे आधीच कबूल करतो. दोनदा लिहायला बसलो होतो. एकदा पेन सापडलं नाही, आणि दुसऱ्यांदा सापडलं तर ओहोटी लागलेली, मग कालवं काढायला गेलो. फोन करता आला असता, पण तू माझ्या नुसत्या 'हॅलो'वरून ओळखतेस की काहीतरी घडलंय. कागदाला आवाज नसतो. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस. (इन्सुलीच्या घराला जिना नाही, हे आत्ता आठवलं. मग बरंच आहे.)

मी बरा आहे. तू शब्द टाकलास म्हणून या रिसॉर्टात चिकटलो आणि वर्षभर टिकेन असं तुला कबूल केलं, त्याला आठ महिने झाले. याआधीचा माझा विक्रम देवगडला आंब्याच्या पेट्या भरण्याचा, पावणेदोन महिन्यांचा. तेव्हा ही नोकरी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. आता का वाटतं ते सांगतो.

आमचे मॅनेजर, म्हणजे तू चौथीत शिकवलेले विश्वेशसाहेब, यांना ताण आला. पुण्याला दहा वर्षं काढल्यापासून ते कावळ्याशीसुद्धा पुस्तकी मराठी बोलतात. झालं असं, की एका पाहुण्याने इंटरनेटवर आम्हाला पाचातला एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'समुद्राचा आवाज रात्रभर चालू असतो, बंद करण्याची सोय नाही.' त्यावरून ठाण्याच्या मालकांनी साहेबांना फोन केला, साहेबांनी आमच्या ग्रुपवर जेवणापर्यंत अकरा मेसेज टाकले, आणि आमचे आचारी फ्रान्सिसकाका यांनी सोलकढीत दोनदा मीठ घातलं. ताण असा वरून खाली येतो, पागोळीसारखा. तो थांबवायला मालकांनीच पुण्याहून अवनी मॅडमना पाठवलं.

बाई चांगल्या होत्या. पहिल्यांदा कागद वाटले, तुमचा ताण एक ते दहामध्ये किती, गोल करा. फ्रान्सिसकाकांनी दहाच्या दहा आकड्यांना गोल केले. म्हणाले, "दिवसभरात सगळे येवन जातत." मग आम्हाला माडाखाली गोल बसवून डोळे मिटायला सांगितलं. आता त्या माडाचे नारळ उतरवायचे राहिलेले. भरल्या माडाखाली डोळे मिटून बसणाऱ्याचा ताण कसा जाणार, तूच सांग.

मग मॅडम म्हणाल्या, मनातलं ओझं मोठ्याने बोला. कोणी बोलेना. अशी शांतता मला सोसत नाही (शाळेतल्या निम्म्या छड्या त्यापायीच). त्यात डोळे मिटलेले, हात जोडलेले, माणसं गोल बसलेली. अशा वेळी माझ्या तोंडाला एकच गोष्ट येते, आपले अप्पा जत्रेला देवळात घालायचे ते गाऱ्हाणं. तोंड माझ्या आधी सुरू झालं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां ह्या माडाखाली जमली हत..."

"होय म्हाराजा," सगळे म्हणाले. फ्रान्सिसकाका सगळ्यांत मोठ्याने. (रविवार त्यांचा चर्चचा, पण गावच्या गाऱ्हाण्याला त्यांचा होकार कधी चुकत नाही.)

"समुद्राच्या आवाजाक जेणां एक तारो दिल्यान, तेका बरी झोप लागांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"आणि आमच्या जेवणाच्या वक्ताक जो फोन मेसेज धाडता, तो एकदाचो खाडीत पडांदे रे म्हाराजा."

"होय म्हाराजा."

या वेळचा एक आवाज माझ्या पाठीमागून आला, अस्सल मालवणीत. साहेब. डोळे मिटलेले, हात जोडलेले. आम्ही सगळ्यांनी डोळे उघडले, त्यांनी सगळ्यात शेवटी. मॅडमनी वहीत लिहिलं, 'सर्वांचा उत्तम सहभाग.'

इथपर्यंत ठीक होतं. पण सोमवारी साहेब पाहुण्यांना होडीत बसवत होते, फोन वाजला, त्यांनी खिशातून काढला आणि तो सरळ खाडीत गेला. जेटीवरच्या एकानेही खाडीकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून काका मला माशाची तुकडी जास्त वाढतात, होडीवाले लांबूनच हात जोडतात, आणि साहेब माझ्याशी एक शब्द बोललेले नाहीत. काल ते काहीतरी लिहून फाडत होते, पुन्हा लिहून पुन्हा फाडत होते. मला काढून टाकायचं पत्र असणार. नीट जमत नसेल.

बाकी सर्व मजेत.

तुझा,
जितू

ता. क. – विश्वेशसाहेब अजून तुझ्या पाढ्यांना घाबरतात, असं काका म्हणतात. तू त्यांना दोन ओळी लिही, की पोरगा साधा आहे, त्याची जीभ काळी नाही, चार महिने आणखी ठेवून घे. पत्रच लिही, फोन लागणार नाही.

ता. क. दुसरा – लिहू नकोस. पाकीट चिकटवत होतो तर दारात कोणीतरी खाकरलं. साहेब स्वतः, हातात सोललेला नारळ. मी उठायला लागलो तर म्हणाले, "बस रे जितू." दोन दिवस गरम जेवले म्हणतात, झोपही लागली. ते फाडलेले कागद म्हणजे त्यांचं मालकांना लिहायचं पत्र, की 'मला फोन नको.' पण मालकांनी नवा धाडलाय, उद्या कुरिअरने पोचतो. एवढं सांगून त्यांनी नारळ माझ्यापुढे ठेवला आणि हळूच विचारलं, "त्या दिवसाचां गाऱ्हाणां तुका सगळां पाठ आसा मां?"