अनोळखी आवाज

१४ मार्च

तीर्थरूप दादास,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. आईचा गुडघा दुखतोच आहे, मला इस्पितळात सकाळची पाळी मिळाली, आणि बाबांना झटका येऊन आज सात आठवडे झाले. डोळे उघडतात, पण बोलत नाहीत, हाक मारली तरी वळत नाहीत. आईने फोनवर तुला सांगितलंच आहे.

परवा त्यांच्या मेंदूची तपासणी झाली. मशीन मीच चालवते, तेव्हा बाबांना मीच आत सरकवलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाचं घड्याळ आधी काढून ठेवावं लागलं, नाहीतर आतल्या चुंबकाने त्याची पार वाट लावली असती.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. मध्ये बारीकशी फट असते. निरोप द्यायचा तर एक पेशी त्या फटीत रसायन सोडते आणि पलीकडची ते टिपून घेते. मशीनला हे दिसत नाही. पण जिथे असं काम चालतं तिथे रक्त जास्त धावतं, तेही चार-पाच सेकंद उशिरा, आणि ते मात्र दिसतं. आमचे डॉक्टर म्हणतात, चोर सापडत नाही, आपण पावलांचे ठसे बघतो.

बाबांना आळीपाळीने दोन आवाज ऐकवायचे होते, एक घरचा आणि एक अनोळखी. घरचा आईचा घेतला. अनोळखी आवाज आणायचं काम माझ्याकडे होतं. वॉर्डातल्या कुणाचाही चालला असता. मी तुझा लावला.

रागाने लावला, दादा. तू दुकान सोडून गेलास तेव्हा बाबा दारात म्हणाले होते, "याला मी ओळखत नाही." म्हटलं, मग ठीकच आहे.

आईच्या आवाजाला ऐकण्याची जागा उजळली. तुझ्या आवाजाला तीही उजळली आणि आजूबाजूचंही बरंच काही. डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "हा माणूस खरंच अनोळखी आहे का हो?" मी खरं सांगितलं आणि भरपूर बोलणी खाल्ली. एका चित्रावरून फार काही ठरत नाही, तपासणी पुन्हा करायची, असं ते म्हणाले. पण बाबांना ऐकू जातंय एवढं नक्की.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुझा आवाज माझ्याकडे होता, कारण दोन वर्षांपूर्वी तू मोबाइलवर निरोप पाठवला होतास, "बाबांना ऐकव" म्हणून. मी कळवलं, "ऐकवला. ते काही बोलले नाहीत."

मी ऐकवलाच नव्हता. त्यांची दुखणी मी काढायची आणि तू "बाबा, चुकलो" म्हणून मोकळा होणार, हे मला सहन झालं नाही. तेव्हा बाबा बोलत होते. तुला उत्तर मिळालं असतं.

आता ते मिळेल असं मी म्हणू शकत नाही. पुढची तपासणी गुरुवारी सकाळी दहाला आहे. अनोळखी आवाज आमच्या लिफ्टमनचा घेतला आहे. घरच्या आवाजासाठी रेकॉर्डिंग केलेलं नाही. काचेच्या अलीकडे, माझ्या खुर्चीशेजारी माइक आहे. तू ये आणि बोल. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मी ऐकून घेईन.

तुझा निरोप दोन वर्षं अडवून ठेवणारी,
तुझी धाकटी बहीण