भुऱ्यासमोर मोहाचं नाव नको

दीपिका,

मी मोहाची फुलं वेचायला जाते आहे. तुला न सांगता मागच्या दाराने निघते. काल तू अंगणातून विचारलंस, "आई, मोहाले चालल्या का?" आणि भुऱ्या उठायला गेला. पुढचे पाय उभे राहिले, मागचे फरशीवर घसरले. बिचारा दिवसभर कण्हत होता.

तुझे सासरे रोज पहाटे त्याला हाक मारायचे, "चाल रे भुऱ्या, मोहाले!" की हा आमच्याआधी झाडाखाली हजर. एकाही गाईला फुलांजवळ फिरकू द्यायचा नाही. ते जाऊन तीन वर्षं झाली, तरी कुत्रा तो शब्द विसरलेला नाही. त्या हाकेशिवाय मलाही रानाची वाट फार लांब वाटते.

त्याच्याखाली पोतं अंथरलं आहे, फरशीवर येऊ देऊ नको. दुखण्याची अर्धी गोळी भातात कालवून दे. जवसाचं तेल कोमट करून कमरेला हळू चोळ. दाराकडे बघत राहिला तर आई बाजारात गेली म्हण.

आल्यावर मोहाचा वास येऊ नये म्हणून मी हात धुऊनच त्याच्याजवळ बसेन. पण झोपला असला तर दोन फुलं नाकाशी ठेवीन. झोपेत त्याचे चारही पाय अजून धावतात.

आई