मागं ठेवून घेतलेली वस्तू

मस्कत,
२८ डिसेंबर १९८४

प्रिय आत्या,

पाकिटातून दोन पत्रं निघतील. पातळ कागदावरचं पत्र सगळ्यांसाठी आहे. ते नेहमीसारखं चांदपाशाचाचांच्या दुकानात ने. चाचा शिलाई मशीन थांबवतील, चष्मा लावतील आणि पिशोरच्या अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल असं वाचतील. मी सुखरूप पोचले, खोली बरी आहे, खिडकीतून समुद्र दिसतो, एवढंच त्यात लिहिलंय. बाकीचं ते पदरचं घालतीलच. मी नर्सिंगला असताना ‘तब्येत ठीक आहे’ असं कळवलं होतं आणि चाचांनी वाचलं होतं, ‘सरू तुमची याद काढून काढून निम्मी झाली.’ तू तोंडाला पदर लावलास, बाया म्हणाल्या बिचारी रडतीय. तूच मला नंतर सांगितलंस की तुला हसू आवरत नव्हतं, कारण ते पत्र तू आदल्या दिवशीच वाचून पुन्हा चिकटवून ठेवलं होतंस.

हे दुसरं पत्र मात्र तुझं एकटीचं. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि ओळी लांब-लांब सोडल्यात. दुपारी गोठ्यामागं जाऊन वाच, जिथं आपली शाळा भरायची. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची, आणि एस.टी.ची ड्यूटी सांभाळून आप्पांना मला सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी मला तुझ्याकडं आणून सोडलं. सात वर्षांची झाले तेव्हा मी मास्तरीण आणि तू चाळिशीची विद्यार्थिनी. शाळेत सकाळी शिकलेलं मी दुपारी तुला शिकवायची. तू हुशार होतीस, पण जोडाक्षर आलं की पाटी पालथी घालायचीस. म्हणायचीस, ‘ही एकमेकांच्या मांडीवर बसल्याली अक्षरं मला नाय वळखू येत. येगयेगळी बसीव त्यास्नी.’ आणि शाळा सुटताना रोजची ताकीद, ‘गावात बोलू नगंस, बाया हासतील.’ मी आजवर कुणाला बोललेली नाही. आप्पांनासुद्धा नाही.

तर आधी इथलं ऐक. माझ्या खोलीत केरळच्या दोघी नर्स आहेत. त्या चहा सोडून सगळ्यात खोबरं घालतात. मी भाकरी थापली तर दोघी खुर्च्या ओढून बघत बसल्या. पहिली भाकरी तव्यावर फुगली तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी उगाच आणखी दोन थापून दाखवल्या. पीठ संपत आलंय. वॉर्डात एक म्हातारी आहे, तुझ्याएवढी, तुझ्याइतकीच हट्टी. औषधाची गोळी गालात धरून ठेवते आणि मी वळले की उशीखाली सरकवते. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला येत नाही. काल मी कमरेवर हात ठेवून तिला चांगलं खडसावलं, अगदी तुझ्या आवाजात, ‘गिळ म्हणते ना!’ तिनं मुकाट्यानं गिळली. आता मला बघितलं की आधीच तोंड उघडून दाखवते.

तिकडून निघण्याआधी आप्पांनी मला आठवडाभर नातेवाइकांच्या घरी फिरवलं, त्यातली निम्मी गंमत तुला ठाऊकच नाही. आपल्या घरची रीत तू सगळ्यांना अशी शिकवलीस की विचारू नकोस. दूर जाणाऱ्या माणसाची एक वस्तू त्याला न सांगता मागं ठेवून घ्यायची, म्हणजे माणूस परत येतं. आप्पा पहिल्यांदा नोकरीवर निघाले तेव्हा तू त्यांची एक वहाण लपवलीस आणि ते एका पायात वहाण घालून डेपोत हजर झाले, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. माझ्या वेळी मात्र सगळ्यांनीच हात धुऊन घेतले. पडेगावला काकासाहेबकाकांनी माझी छत्री ठेवून घेतली, तीसुद्धा गुपचूप नाही, भांडून. ‘तिकडं पाऊस नाय पडत. छत्री काय तिथं वाळत घालणार हायेस?’ घरी येऊन बघते तर रामकिसनदादानं माझ्या पेनाचं टोपण काढून घेतलेलं, वहिनीनं पांढऱ्या मोज्यांतला एक मोजा. आप्पा म्हणाले, मी सरकारी माणूस, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. इथं आल्यावर पेटी उघडली तर माझा कंगवा गायब! परवा वहिनीचं पत्र आलं. तो आप्पांच्या खाकी शर्टाच्या खिशात सापडला आणि त्यांना टक्कल पडून दहा वर्षं झाली.

तुझ्याकडं मी सगळ्यात शेवटी आले, मुद्दाम. रविवार आणि सोमवार, दोन दिवस. मुंबईहून रजिस्टर पोस्टानं व्हिसाचा शिक्का मारलेला पासपोर्ट नुकताच आला होता आणि तुला दाखवायचाच होता. तू तुरीच्या शेंगा उकडल्या होत्यास. चाचा बघायला आले, हात धुऊन, पुसून मगच त्यांनी पासपोर्ट हातात घेतला. माझा फोटो बघून तू म्हणालीस, ‘ही कोण गं, ढोर पिकात शिरल्यावानी बघतीय?’ चाचा इतके हसले की शेंग घशात अडकली. ते गेल्यावर तू पासपोर्ट मांडीवर घेतलास, वरच्या अक्षरांवरून बोट फिरवलंस आणि हळूच वाचलंस, पा, स, पो... आणि पुढच्या जोडाक्षरापाशी थांबलीस. मग तुझं तूच वाचलंस आणि माझ्याकडं असं बघितलंस, जसं पूर्वी पाटी दाखवून बघायचीस. मला तेव्हा रडूच यायला लागलं होतं. मी आणखी एक शेंग सोलली.

मंगळवारी औरंगाबादला आले आणि घरात बोंब झाली, पासपोर्ट नाही! शुक्रवारी मनमाडला जाणारी गाडी, शनिवारचं विमान. पुढचे दोन दिवस तू बघायला हवे होतेस. रामकिसनदादानं पलंग खोलला, आणि नंतर त्याला तो जोडता येईना. वहिनीनं माझ्या पेटीतलं ज्वारीचं सगळं पीठ चाळणीतून काढलं. म्हणे पासपोर्ट पिठात पडला असेल. आप्पांनी मी ज्या बसनं आले ती बस डेपोत गाठून तिच्या सीटा उचकल्या. बुधवारी संध्याकाळी काकासाहेबकाका पडेगावहून छत्री घेऊन धावत आले. ‘ह्या छत्रीपायी झालं, घे माय, घेऊन जा.’ आणि गणपतीपुढं ठेवावी तशी छत्री माझ्यापुढं ठेवली. मोजाही परत आला, टोपणही परत आलं. कंगवा तेवढा आला नाही. आप्पांनी पिशोरच्या बसच्या ड्रायव्हरबरोबर तुलाही विचारून घेतलं आणि तुझा उलट निरोप आला, ‘हितं काय बी नाय.’

आणि गुरुवारी तू आलीस. घाटी दवाखान्यात माझी शेवटची ड्यूटी होती. माझ्याबरोबरची नर्स अख्तरी पळत आली, ‘सरू, तुझी फुफी आलीय, सगळ्या वॉर्डांत तुला हाका मारत फिरतीय.’ आयुष्यात पहिल्यांदा तू एकटी औरंगाबादला आली होतीस. पहिल्या बसनं निघालेली, पायांवर धूळ, आणि पदराखाली खणात गुंडाळलेला पासपोर्ट, त्यावर हळदी-कुंकवाचं बोट. तू सगळ्या नर्सांसमोर मोठ्यानं म्हणालीस, ‘घ्या बाई तुमचं. मला वाटलं, पासपोर्ट म्हंजी सात-बाऱ्यावानी मोठा कागद असंल. ह्ये मी फोटूचं पुस्तक म्हणून ठिवून घेतलं. अडाण्याला काय कळतंय!’ सगळ्या हसल्या. अख्तरीनं तुझ्यासाठी चहा मागवला. आप्पा डेपोतून ओरडत आले आणि ते ऐकून ओरडायचं विसरले, भिंतीला धरून हसले. आईनंतर आप्पांना असं हसताना मी पहिल्यांदा बघितलं. आता ती गोष्ट ते प्रत्येक नव्या ड्रायव्हरला सांगतात.

तू मात्र हसली नाहीस. चहा अर्धा ठेवलास. माझ्याकडं एकदाही बघितलं नाहीस आणि चारच्या बसनं परत गेलीस. शुक्रवारी स्टेशनवर सगळे आले. काकासाहेबकाका छत्री पुन्हा काखोटीला मारून आले होते, अख्तरी आली, तिच्या अम्मीनं प्रवासात राखण म्हणून माझ्या दंडाला कापडात नाणं बांधलं. मी गाडी हलेपर्यंत स्टेशनच्या पुलाकडं तुझी वाट बघत होते. आप्पा म्हणाले, म्हातारीला लाज वाटत असेल चुकीची, मनावर घेऊ नकोस. मी मान हलवली. आप्पांना वाटलं तू चुकलीस म्हणून आली नाहीस. तू चुकली नव्हतीस हे त्या सगळ्या गर्दीत मला एकटीला माहीत होतं, कारण पासपोर्ट हा शब्द तू माझ्या डोळ्यांसमोर जोडाक्षरासकट वाचला होतास.

विमानतळावर आणखी एक गंमत झाली, तेवढी ऐक. शिक्का मारणाऱ्या साहेबानं पासपोर्ट उलटसुलट केला, हळदीच्या डागावर नख घासलं आणि विचारलं, ‘ये क्या है?’ मी म्हटलं, ‘हमारी फुफी की मुहर है, साब.’ त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, मागं लांबलचक रांग होती. मला वाटलं आता अडकले. तो म्हणाला, ‘फिर तो जाने देना पडेगा,’ आणि आपला शिक्का मारला. विमानात बसल्यावर मला जाणवलं की तो बोलला ते खरंच होतं, आणि तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय.

आत्या, तू मनात काय घेऊन बसली असशील ते मला इथून दिसतंय. पोरीच्या वाटेत मी आडवी आले, वर खोटं बोलले. म्हणून आता माझं ऐक. त्या सोमवारी दुपारी जेवण करून मी खाटेवर पडले होते ना, तेव्हा मला झोप लागली नव्हती. तू पेटी उघडलीस, झाकण वाजू नये म्हणून मध्ये पदर धरलास, पासपोर्ट काढलास आणि पोटाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिलीस. मी सगळं बघितलं. उठून ‘आत्या, काय गं?’ म्हटलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी उठले नाही. डोळे आणखी घट्ट मिटले. घरी दादा पलंग खोलत होता, वहिनी पीठ चाळत होती, आणि पासपोर्ट कुठं आहे ते मला माहीत होतं. मीही शोधल्यासारखं करत होते. मला जायची भीती वाटत होती आणि ते तोंडानं म्हणायची हिंमत नव्हती, म्हणून नाही म्हणायचं काम मी तुझ्यावर टाकलं. तू तो ठेवून घेतला असतास तर मी राहिले असते आणि जन्मभर तुलाच बोल लावला असता. तीन दिवस तू एकटीनं काढलेस, आणि शेवटी बस पकडून मला सोडायला आलीस. सगळ्यांसमोर अडाणी झालीस. लाजच वाटायची असेल तर निम्मी मला दे.

आता एकच घोटाळा राहिलाय. काकांकडं छत्री आहे, आप्पांकडं कंगवा आहे, मोजा नि टोपणसुद्धा स्टेशनवरून पुन्हा गायब झालं. तुझ्याकडं मात्र माझं काहीच उरलं नाही, तू परत देऊन मोकळी झालीस. असं चालायचं नाही. माळ्यावर पत्र्याच्या डब्यामागं माझी पाटी आहे, कोपरा फुटलेली. ती काढून घे आणि ठेव. आधी तिच्यावर गिरव, मग कागदावर लिही. पाकिटावर पत्ता चाचांकडून घाल, आतलं त्यांना दाखवू नकोस. मला पहिली रजा दोन वर्षांनी मिळेल. मोठं पत्र नको. ‘ये’ एवढंच लिही. त्यात जोडाक्षर नाही.

तुझीच,
सरू