रानदांडग्याची ढाल

८ फेब्रुवारी

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मी जेवते, झोपते, कामावर जाते, तेव्हा तो विषय इथेच मिटवा. परवा एका शिकाऊ बाईंनी गाडी सरळ एका सायकलवाल्यावर घातली होती. माझ्या पायाखालच्या जादा ब्रेकने दोघंही वाचले. सायकलवाल्याने शिव्या मात्र मला घातल्या, मीही त्या परत केल्या, आणि ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकांनी मला समज दिली. म्हणजे सगळं नेहमीसारखं चाललंय.

आता खरी बातमी. तुमचा भाऊ रविवारी दुपारी जो खेळ खेळायला जायचा, ज्याला तुम्ही वाढलेल्या घोड्यांची भातुकली म्हणायचात, तिथे आता मी जाते.

झालं असं, की त्याचे ते तिघे मित्र घरी आले. दंतवैद्य, सुतार आणि ग्रंथपालबाई. बराच वेळ घसे खाकरून झाले. मग दंतवैद्यांनी सांगितलं की खेळातल्या त्याच्या पात्राला, कातळ्याला, ते मानाने निरोप देणार आहेत. एकटा शंभर शत्रूंना अडवेल आणि धारातीर्थी पडेल. ग्रंथपालबाईंनी सगळं सुरेख लिहूनही आणलं होतं. मी फक्त येऊन ऐकायचं.

वन्सं, माणसं चांगली आहेत. पण माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, एका घरातून एक माणूस एकदाच जातो. दोनदा नाही. कातळ्याला मी खेळवणार.

तुम्हाला कळावं म्हणून सांगते. प्रत्येकाचं एक पात्र असतं, त्याचा एक पेशा असतो, आणि लढाईत काय होणार ते फासे ठरवतात. दंतवैद्य सूत्रधार आहेत, म्हणजे जग त्यांचं आणि शत्रूही त्यांचे. कातळ्या रानदांडगा आहे. चिलखत नाही, शिस्त नाही, चवताळून सुटायचं एवढंच काम. पाच लेव्हलपर्यंत तुमच्या भावाने त्याला तसाच वाढवला. सहावी आता माझ्या हातात आहे, आणि मी कातळ्याला शिलेदाराचं शिक्षण देणार आहे. ढाल, पवित्रा, शेजारच्याला सांभाळणं. नियमात बसतं. तरी तिघांनी असे चेहरे केले, जसं मी त्यांच्या देवळात चप्पल घालून शिरले.

तुम्हालाही आवडणार नाही याची कल्पना आहे. तरी सांगितलं. राग आला तर लिहून काढा, मनात ठेवू नका. लोभ मागत नाही, तो आहेच असं धरून चालते.

तुमची,
मिरची

१६ फेब्रुवारी

चि. सौ. मिरचीस,
अ. उ. आ.

सौ. हाताच्या सवयीने लिहिलं गेलं. खोडणार नाही. कोणाला खुपलं तर त्याने माझ्याशी येऊन बोलावं.

राग लिहून काढ म्हणालीस, तर काढते. तू कोण गं त्याच्या पात्रात ढवळाढवळ करणारी? बाळ्याने स्वतःच्या हाताने घडवलेली ती एकच गोष्ट उरली आहे. तो जन्मभर कोणाशी चढ्या आवाजात बोलला नाही. लहानपणी मी त्याचा पतंग फाडला तरी म्हणायचा, राहू दे ताई. असा माणूस खेळात जाऊन चवताळत असेल, तर ती त्याची हौस होती. त्याच्या हातात ढाल देऊन तू त्याला पुन्हा शहाणं बाळ करणार. मला हे चालणार नाही.

आणि धंद्याचं बोलायचं तर तलवारबाजी शिकवण्यात माझे केस पांढरे झाले. कुस्तीतून आलेली पोरं माझ्याकडे येतात, ती तलवार लाटण्यासारखी धरतात आणि पाय आखाड्यातले टाकतात. धड ना हे, धड ना ते. दोन विद्यांचं कडबोळं केलं की ऐन वेळी हात विचारात पडतो, आणि विचारात पडलेला हात मार खातो. तुझ्या दंतवैद्याने चेहरा वाकडा केला, म्हणजे त्याला दातांपलीकडचंही थोडं कळतं असं दिसतं.

त्याला होता तसा राहू दे. मानाने निरोप देत होते तर द्यायचा होता.

गुडघा दुखतोय म्हणून अक्षर तिरकं आहे. त्याचा आणि रागाचा संबंध नाही. भांडले म्हणून माया आटली असं समजू नकोस, पत्राचं उत्तर दे.

तुझी,
वन्सं

२ मार्च

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना मोठ्याने उत्तरं दिली. शेजारीण विचारत होती, कोण आलंय.

आधी धंद्याचं. तुम्ही जे म्हणालात, तेच दंतवैद्य म्हणाले. सरळ रानदांडगा राहिलात तर पुढे मोठं बळ मिळेल. इकडे वळलात तर शिलेदारीत पहिल्या पायरीवरचं पोर. शिलेदाराला पाचव्या पायरीवर एका दमात दोन वार मिळतात म्हणावं, तर ते कातळ्याकडे आहेतच, आणि दोन आणि दोन चार होत नाहीत, दोनच राहतात. जड चिलखत घातलं तर संतापाचा फायदा बुडतो. सगळं खरं आहे. मी म्हटलं, मला चार वार नकोतच. मला हवी आहे फक्त ढाल, आणि शेजारच्यावर पडणारा एक वार दर फेरीत अडवायची मुभा. त्याने ती कधी घेतली नाही, मी घेते आहे.

मागच्या रविवारी तसंच खेळले, दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, तिथेच खेळ चालतो. गंमत ऐका. मी चुकत होते, भलत्याच जागी उभी राहत होते, आणि तरी कातळ्याला साधं खरचटतही नव्हतं. सूत्रधाराचे फासे पुठ्ठ्याच्या आडोशामागे पडतात, आपल्याला दिसत नाहीत. प्रत्येक वेळी दंतवैद्य फाशांकडे बघायचे, मग माझ्याकडे बघायचे, आणि वार चुकला म्हणून सांगायचे. सुतार खाली मान घालून टेबलाच्या कडेवर नख घासत होता. माझ्या डोक्यात उजेड पडला. तिघांनाही माहीत होतं.

मी उठले आणि आडोसा उचलून खुर्चीखाली ठेवला. सांगितलं, यापुढे फासे टेबलावर, सगळ्यांसमोर. कातळ्या मरायचा असेल तर खराखुरा मरू दे. तुमच्या दयेवर जगायचं असेल तर तुमचा तो लिहून आणलेला निरोप काय वाईट होता? मग ग्रंथपालबाईंनी हळूच फासे माझ्यासमोर सरकवले.

आता तुमचं ते दुसरं. तो रागवायचा नाही म्हणता. वन्सं, तो रागवायचा. आजार कळल्यानंतरच्या महिन्यांत तो तिथून यायचा तेव्हा त्याचा घसा बसलेला असायचा. मला सांगायचा, दंतवैद्याने दाढेत काहीतरी भरलंय म्हणून बोलता येत नाही. दर रविवारी तीच दाढ. मीही मान हलवायचे. आता सुताराकडून कळलं, तो कातळ्याच्या तोंडून इतका ओरडायचा की खालचा दुकानदार वर येऊन बघून जायचा. घरी तो मला सांभाळत होता आणि तिथे सुटत होता. तेव्हा मी त्याला शहाणं बाळ करत नाही. त्याचा संताप कणभरही कमी केलेला नाही. फक्त तो संतापात असताना त्याच्या बाजूला कोणी नव्हतं, तिथे मी जाऊन उभी राहिले आहे.

तुम्ही मोठ्या आहात, पण हे तुमच्या शब्दाने बदलणार नाही. गुडघ्याला शेक द्या. रागावलात तरी दार बंद करू नका.

तुमची,
मिरची

११ मार्च

चि. सौ. मिरचीस,
अ. उ. आ.

दाढेचं वाचून पत्र बाजूला ठेवलं. दुसऱ्या दिवशी उचललं. मला तो फोनवर सांगायचा, लाइन खराब आहे म्हणून आवाज असा येतोय. चोर मेला.

उगीच विरघळले असं समजू नकोस. कडबोळ्याबद्दलचं माझं मत तेच आहे. पण करणारच असशील तर नीट कर, माझ्या घराण्याचं नाव घालवू नकोस. भलत्या जागी उभी राहिलीस म्हणालीस. ढाल मिळाली की नवशिका तिच्यामागे लपतो, तिथेच मरतो. ढाल घेऊन पुढे व्हायचं असतं. ज्याला वाचवायचं त्याच्यापासून हातभर अंतरावर राहायचं, लांब नाही. आणि समोरच्याच्या शस्त्राकडे बघू नकोस, खांद्याकडे बघ. तुमच्या फाशांना खांदा असतो की नाही ते मला माहीत नाही.

आडोसा काढलास ते बरं केलंस. माझ्याही शाळेत सगळे माझ्याशी महिनाभर असे वागत होते, जशी मी काचेची आहे. परवा एका पोराने मुद्दाम हरून दाखवलं. त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावलं.

महिनाअखेर तिकडे येते आहे. बघायला. खेळायला नव्हे. त्या दंतवैद्याला सांगून ठेव. इकडची काळजी नको, तिकडची लिहीत जा.

तुझी,
वन्सं

२३ मार्च

ती. वन्सं यांना,
शि. सा. न. वि. वि.

काल लढाई झाली.

एका खिंडीत दानव आडवा आला. सुताराचं पात्र, तो चोर, आधीच अर्धमेला होता. ग्रंथपालबाईंच्या मांत्रिकेचे मंत्र संपले होते. मागे फिरायची वाट ढासळलेली. दंतवैद्यांनी मला विचारलं की पुन्हा आडोसा लावू का. मी नाही म्हटलं.

कातळ्याला चवताळू दिलं आणि चोराच्या शेजारी हातभरावर उभा केला. दानवाचा पहिला वार कातळ्यावर, फासा मोठा पडला, पण संतापात लागतं ते अर्धंच लागतं. दुसरा वार चोरावर. मी ढाल मध्ये घातली. फासे पुन्हा टाकावे लागले आणि वार हुकला. सुताराने माझा दंड इतका दाबला की आज तिथे निळं झालंय. असं तीन फेऱ्या चाललं. कातळ्यात प्राण नावापुरता उरला. शिलेदाराला लढाईत एकदा दम खाऊन सावरता येतं, ते मी तेव्हा वापरलं. दंतवैद्यांना ते आठवतच नव्हतं. पुढचा वार आला, बसला, आणि नेमका त्या सावरण्यामुळे कातळ्या पायांवर राहिला. मग माझी पाळी. पहिला वार वाया गेला. दुसऱ्याला दानव पडला.

ओरडा इतका झाला की खालचा दुकानदार वर आला. दारातच थांबला, आमच्याकडे बघितलं, आणि बरं आहे, बरं आहे अशी मान हलवून गेला.

सगळे शांत झाल्यावर दंतवैद्य म्हणाले, की तो असता तर त्याने ढाल फेकून दिली असती आणि सरळ दानवाच्या अंगावर धावला असता. म्हटलं, हो. आणि मेला असता, आणि हा चोरही मेला असता. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, पुढची लेव्हल कोणत्याही पेशात घ्या, माझी हरकत नाही. मी म्हटलं, मी विचारत नव्हतेच.

त्यावर सगळ्यात आधी तेच हसले.

तुम्ही येताय म्हणून त्यांनी तुमच्यासाठी एक पात्र तयार केलंय. जखमांना मलम लावणारी एक शांत साध्वी. मी सांगितलं, वन्सं मलम लावायच्या नाहीत, त्यांना तलवार द्या, आणि त्या फक्त बघायला येताहेत या थापेवर विश्वास ठेवू नका. या, बसा, माझे पाय चुकले तर सगळ्यांसमोर ओरडा. पण कातळ्याचे फासे मीच टाकणार. त्यांना हात लावलात तर तुमच्या वयाचा मान ठेवणार नाही.

जशी भांडता तशीच माया ठेवा, कमी केलेली चालणार नाही.

तुमची,
सौ. मिरची