भिकाजीने पाठवलेले तेल

मु. मालगुंड,
श्रावण वद्य दशमी, शके १८५३

चि. भिकाजीस थोरल्या भावाचा पोटभर आशीर्वाद. (पोट हाच या पत्राचा विषय आहे.) सौ. दमयंतीस आशीर्वाद, मुलांना पापे. तिचा खोकला थांबला का? दवाखान्यात रोज औषधं बांधतोस, घरात एक पुडी नेत जा.

तू पाठवलेल्या चार बाटल्या पोचल्या. वाटेत पावसाने बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या धुऊन गेल्या, पण तुझं पत्र कोरडं होतं: रोज निजताना दोन चमचे, म्हणजे सकाळी पोट साफ. अर्धी बाटली संपवली. भिकाजी, असं तेल मी जन्मात पाहिलं नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. पाण्यात ओतलं तर वर तरंगतं. वाटीत आठ दिवस उघडं ठेवलं, खवट झालं नाही, मुंगी फिरकली नाही. पोटात जातं तसंच्या तसं बाहेर येतं. चाळीस वर्षं बंदरावर कारकुनी केली, पण आत आलेला माल इतक्या निर्लेपपणे बाहेर जाताना पाहिला नव्हता.

आता मुख्य गोष्ट. तुझी सावित्रीवहिनी गेल्यापासून नारळी पौर्णिमेला या घरात कढई चढली नव्हती. यंदा मनात आलं, चार माणसं बोलवावीत. चार मिळाली नाहीत, तीन मिळाली. शेजारचा दादू तांडेल, त्याची बायको मथुरा आणि शाळेचे गंगाराम मास्तर. काळ्या वाटाण्याची उसळ मी केली (करपली, पण थोडीच). वडे तळायला मथुरा बसली. खोबरेल तळाशी गेलेलं, म्हणून तिने फडताळातल्या बाटल्या ओतल्या. तेलाला वास कसा नाही, असं तिने विचारलं. मुंबईचं आहे, असं मी सांगितलं. तेवढ्याने तिचं समाधान झालं. वडे टम्म फुगले. दादूने चौदा खाल्ले. मास्तर दहावर थांबले, मग आणखी चार घेतले. सावित्री गेल्यानंतर या घरात प्रथमच कुणीतरी मीठ मागितलं.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुला, कंपाउंडरला, सांगायला नको. मास्तर फळ्याला पाठ लावून उभे राहिले ते शाळा सुटेपर्यंत वळले नाहीत, कारण धोतर पांढरं होतं. दादू मोसमातली पहिली होडी लोटायला गेला आणि फळीवर बसला तो घसरत पार पुढच्या टोकाला, नाळेपर्यंत गेला. मथुरेने कढई घरी नेऊन तीनदा राखेने घासली, तेल निघेना, तेव्हा तिला शंका आली. ती कढई घेऊनच ओट्यावर आली. मागून दादू.

"हरिभाऊ, खरं सांगा," तो म्हणाला, "आमाला काय खायला घातलंव?"

मी तुझं पत्र वाचून दाखवलं. मग जे झालं ते लिहिण्याजोगं नाही. संध्याकाळी मास्तर आले, तेही बोलले, पण शुद्ध भाषेत. दुसऱ्या दिवशी दादू पुन्हा आला, काही शिव्या आदल्या दिवशी राहून गेल्या होत्या. मी प्रत्येकाला चहा केला. तीन दिवसांत सात वेळा दार वाजलं. चौथ्या दिवशी दादूला माझ्यासमोरच हसू आलं, भांडण मिटलं, आणि तेव्हापासून कुणी आलेलं नाही.

कढईतलं उरलेलं तेल मी मागच्या गटारात ओतलं होतं. पाऊस आला, पाणी वाहून गेलं, तेल दगडांना धरून राहिलं. ऊन पडलं की सात रंग दिसतात. मास्तर म्हणाले होते की मातीतले बारीक जीव ते खातील, पण सावकाश, वर्षं लागतील. मी रोज सकाळी जाऊन बघतो. तेवढंच एक काम झालं आहे.

प्रकृतीला जप. वहिनीच्या वर्षश्राद्धाला तुला रजा मिळाली नाही, त्याचं मी मनात ठेवलेलं नाही.

तुझा दादा,
हरिश्चंद्र

ता. क. आणखी बाटल्या पाठवू नकोस. त्या वड्यांनी माझं पोट साफ झालं आहे.

पुन्हा ता. क. तुझ्यापासून काय लपवू. मथुरेने पहिली बाटली ओतली तेव्हाच मी पाहिलं होतं. सांगितलं असतं तर चूल विझली असती आणि तिघं आपापल्या घरी गेली असती. म्हणून गप्प बसलो. हे त्यांना ठाऊक नाही.

आणखी एक. तू दिलेल्या औषधाचं असं केलं म्हणून तुला राग येईल. आला तर पत्रातून लिहू नकोस. गणपतीला ये आणि समोर बसून भांड.